टांझानियात एकपक्षीय राजवट संपलीच कधी?

२९ ऑक्टोबर २०२५ रोजी टांझानियात निवडणूक झाली आणि तीन दिवसांनी विद्यमान राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांना जवळजवळ ९८ टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले. प्रमुख विरोधी पक्ष चाडेमा या निवडणुकीत नव्हताच. त्याचे नेते टुंडू लिस्सू एप्रिलपासून देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होते. एसीटी-वाझालेंडो या दुसऱ्या महत्त्वाच्या विरोधी पक्षाच्या उमेदवाराचा अर्जही बाद झाला होता. मतदानाच्या दिवशी दार-ए-सलामसह अनेक शहरांत तरुण रस्त्यावर उतरले, इंटरनेट बंद झाले, संचारबंदी लागली, गोळ्या चालल्या. शेकडो माणसे मारली गेल्याचे विरोधी पक्ष आणि मानवाधिकार संघटना सांगतात. या बातम्यांनंतर आपल्याकडे जी चर्चा झाली तिच्यात दोनच सूर ऐकू आले. पहिला असा की आफ्रिकेला बहुपक्षीय लोकशाही मानवत नाही, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या काळात एकच पक्ष होता आणि देश शांत होता, पाश्चात्त्यांनी पक्षांचा बाजार भरवायला लावला आणि घडी मोडली. दुसरा असा की सामिया हुकूमशहा निघाल्या, त्या गेल्या की सगळे सुरळीत होईल.

हे दोन्ही सूर मला चुकीचे वाटतात, आणि त्यांची चूक एकाच जागी आहे. दोघेही गृहीत धरतात की १९९२ साली टांझानियातली एकपक्षीय राजवट संपली आणि बहुपक्षीय लोकशाही सुरू झाली. माझे म्हणणे आहे की ती संपलीच नाही. १९९२ मध्ये इतर पक्ष काढण्यावरची बंदी उठली, एवढेच झाले. पक्ष आणि राज्ययंत्रणा यांची तीस वर्षांत बांधली गेलेली गाठ तशीच राहिली. त्यामुळे २०२५ मध्ये जे घडले ते बहुपक्षीय लोकशाहीचे अपयश म्हणून दाखवणे म्हणजे जी व्यवस्था कधी उभीच राहिली नाही तिच्यावर कोसळल्याचा ठपका ठेवणे आहे.

आधी न्येरेरेंच्या बाजूने जे म्हणता येते ते पूर्ण म्हटले पाहिजे, कारण ते थोडे नाही. त्यांची राजवट झाईरच्या हुकूमशहा मोबुटूसारखी नव्हती. ९ डिसेंबर १९६१ ला टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाची मुख्य भूमी, स्वतंत्र झाला तेव्हा त्यांच्या टानू पक्षाकडे संसदेच्या जवळजवळ सगळ्या जागा होत्या, आणि १९६२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना ९८ टक्के मते पडली तेव्हा त्या आकड्यात खोट काढायचे कोणाला कारण नव्हते. सव्वाशेच्या आसपास जमातींचा हा देश, आणि न्येरेरे स्वतः झानाकी या अगदी छोट्या जमातीतले. १९६५ च्या घटनेने मुख्य भूमीवर एकच पक्ष ठेवला, पण बहुतेक मतदारसंघांत त्याच पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांसमोर उभे केले. एकाचे चिन्ह कुदळ, दुसऱ्याचे घर. लोकांनी ही संधी खरोखर वापरली. त्या वर्षी अर्थमंत्री पॉल बोमानी यांच्यासह कित्येक विद्यमान खासदार घरी बसले. प्राथमिक शिक्षण खेड्यापाड्यांत पोचले, स्वाहिलीने देश जोडला, आणि १९८५ मध्ये न्येरेरे आपणहून राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले. त्या काळातल्या आफ्रिकेत हे करणारे नेते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. गावातले वडीलधारे झाडाखाली बसून एकमत होईपर्यंत बोलतात, मग आम्हाला दोन पक्षांची कुस्ती कशाला, हा त्यांचा युक्तिवाद प्रामाणिक होता. त्यांच्याविषयी मला आदर आहे, आणि पुढची टीका तो आदर ठेवूनच करतो आहे.

पण झाडाखालच्या त्या बैठकीत एक माणूस अखेरपर्यंत नाही म्हणत राहिला तर काय करायचे? या प्रश्नाला एकपक्षीय व्यवस्थेकडे उत्तर नव्हते, म्हणून तिने नाही म्हणू शकणाऱ्या जागाच एकामागून एक बंद केल्या. खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याचा कायदा १९६२ चा, म्हणजे देश कायद्याने एकपक्षीय होण्याच्याही आधीचा. १९६४ च्या जानेवारीत लष्करात बंड झाले, त्यानंतर कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली, त्यांचा महासंघ बरखास्त झाला आणि त्याच्या जागी नुटा ही एकच अधिकृत संघटना आली, जिचा प्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमणार. दक्षिणेतल्या रुवुमा भागात शेतकऱ्यांनी स्वतःहून, कोणी न सांगता, सामूहिक शेतीची गावे उभी केली होती. न्येरेरेंच्या उजामा, म्हणजे गावाने एकत्र कसण्याच्या समाजवादी, विचाराचे त्याहून जिवंत उदाहरण दुसरे नव्हते. १९६९ मध्ये पक्षाने त्यांची संघटना बंद केली, कारण ती पक्षाच्या हाताबाहेर होती. १९७६ मध्ये सहकारी संघ मोडले. साखर कारखाना, दूध संघ आणि जिल्हा बँक यांच्याभोवती राजकारण वाढलेले पाहिलेल्या मराठी वाचकाला सहकार मोडल्याने काय मोडते हे वेगळे सांगायला नको. गावातल्या माणसाला सरकारशी घासाघीस करायला जी एक जागा असते ती गेली.

मग १९७३ ते १९७६ या काळात लाखो कुटुंबांना विखुरलेल्या वस्त्यांतून उचलून नव्या गावांत बसवण्यात आले. उजामा आधी ऐच्छिक होते, आता सक्ती झाली. काही ठिकाणी माणसे परत जाऊ नयेत म्हणून जुनी घरे जाळली गेली. शेती कोलमडली, धान्य आयात करावे लागले. धोरण चुकते आहे हे शेतकऱ्याला पहिल्याच हंगामात कळले होते. पण ते सांगायचे कोणाला? कुदळीला मत द्या की घराला, दोन्ही उमेदवारांची यादी पक्षानेच मंजूर केलेली आणि धोरणाविरुद्ध बोलण्याची मुभा दोघांनाही नाही. मंत्री पाडता येत होता, धोरण पाडता येत नव्हते. एकपक्षीय निवडणुकीतही लोकशाही असते म्हणणाऱ्यांनी या एका फरकाला उत्तर द्यावे.

आता १९९१ कडे येऊ. न्येरेरेंनीच १९९० मध्ये जाहीरपणे सांगितले की एकपक्षीय पद्धत ही काही देवाने दिलेली आज्ञा नव्हे, तिच्यावर चर्चा झाली पाहिजे. पूर्व युरोपातल्या राजवटी कोसळताना त्यांनी पाहिल्या होत्या, आणि आपल्याच पक्षात आलेला सुस्तपणाही त्यांना दिसत होता. राष्ट्राध्यक्ष अली हसन म्विन्यी यांनी सरन्यायाधीश फ्रान्सिस न्यालाली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने देशभर फिरून छत्तीस हजारांहून अधिक लोकांची मते घेतली. सुमारे ८० टक्के लोकांनी एकच पक्ष हवा असे सांगितले. तरीही आयोगाने शिफारस केली बहुपक्षीय पद्धतीची, आणि सीसीएमने, म्हणजे १९७७ मध्ये टानू आणि टांझानियाच्याच झांझिबार बेटांवरचा आफ्रो-शिराझी पक्ष यांच्या विलीनीकरणातून झालेल्या चामा चा मापिंदुझी या पक्षाने, ती १९९२ मध्ये स्वीकारली.

बहुपक्षीय लोकशाहीच्या विरोधकांच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा हाच. जनतेने नको म्हटले असताना वरून लादली गेलेली पद्धत लोकशाही कशी? प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. त्याला माझे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी अशी की पक्ष काढण्याचा हक्क बहुमताने द्यायचा किंवा काढून घ्यायचा नसतो. ८० टक्के लोकांना एकच पक्ष हवा असेल तर त्यांनी प्रत्येक निवडणुकीत त्याच पक्षाला मते द्यावीत, त्यांना कोणी अडवलेले नाही. उरलेल्या २० टक्क्यांना मात्र एकपक्षीय कायद्यात दुसरा मार्गच नाही. बहुपक्षीय पद्धतीत दोघांचीही सोय होते. आयोगाचे तर्कशास्त्र साधारण याच वळणाचे होते आणि मला ते निर्विवाद वाटते.

दुसरी पायरी लोकांच्या उत्तराकडे नीट पाहण्याची आहे. ते उत्तर कोणत्या घरात, कोणासमोर दिले गेले? टांझानियात साठच्या दशकापासून दर दहा घरांमागे पक्षाचा एक प्रमुख असे. भांडण मिटवायचे, पोलिसांत जायचे, दाखला घ्यायचा, पाहुणा आला तर कळवायचे, सगळे त्याच्याकडे. पक्षाचा कार्यकर्ता आणि राज्याचा सर्वांत खालचा हात हा एकच माणूस. तीस वर्षे अशा रचनेत राहिलेल्या शेतकऱ्याला सरकारने नेमलेला आयोग विचारतो की सत्तेवरचा पक्ष एकटा असावा की नाही. मी असे म्हणत नाही की ८० टक्के लोक घाबरून बोलले. अनेकांना मनापासून शांततेची काळजी होती, शेजारच्या देशांतली यादवी त्यांनी निर्वासितांच्या रूपाने दारात पाहिली होती. पण एकच पक्ष हवा म्हणणाऱ्यांतल्याही पुष्कळांनी या पक्षात मोठे बदल हवेत असे सोबत सांगितले होते. म्हणजे लोकांना जसे आहे तसे नको होते. स्थैर्य हवे होते, आणि दुसरा पक्ष आला तर स्थैर्य जाईल असे त्यांना तीस वर्षे सांगण्यात आले होते.

आयोगाचा अहवाल मात्र केवळ पक्ष काढू द्या असे म्हणून थांबला नव्हता, आणि ही गोष्ट आपल्या चर्चेत कधीच येत नाही. त्याने असे ४० कायदे नावानिशी सांगितले जे रद्द करावेत किंवा बदलावेत. विनाखटला स्थानबद्धतेचा १९६२ चा कायदा त्यांत होता. मंत्र्याला एका सहीने वर्तमानपत्र बंद करण्याची मुभा देणारा १९७६ चा वृत्तपत्र कायदाही होता. सीसीएमने अहवालातले एक वाक्य उचलले आणि बाकीचा अहवाल ठेवून दिला. वृत्तपत्र कायदा २०१६ पर्यंत जिवंत राहिला, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यानेही पत्रकारांना मोकळे केले नाही.

काही गोष्टी झाल्या, त्या नोंदवायला हव्यात. सैन्यातल्या आणि सरकारी कार्यालयांतल्या पक्षशाखा बंद झाल्या. खासगी वर्तमानपत्रे आणि रेडिओ आले. पण न झालेल्या गोष्टींची यादी पाहा. निवडणूक आयोगाचे सदस्य नेमणार राष्ट्राध्यक्ष, म्हणजे सीसीएमचा अध्यक्ष. जिल्ह्यात निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून बसणार जिल्हा परिषदेचा कार्यकारी संचालक, त्यालाही नेमणार राष्ट्राध्यक्ष. यांतले कित्येक जण सीसीएमचे सदस्य आहेत असे सांगत एक नागरिक न्यायालयात गेला, मे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली, आणि त्याच वर्षी अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. २०२४ मध्ये कायदा बदलून आयोगाच्या नावात 'स्वतंत्र' हा शब्द घातला गेला, नेमणुकीवरची शेवटची सही मात्र जिथे होती तिथेच राहिली. प्रांताचा आणि जिल्ह्याचा आयुक्त राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला, कोणालाही ४८ तास डांबण्याचा अधिकार असलेला, आणि शिवाय सीसीएमच्या त्या त्या पातळीवरच्या समितीत बसणारा. म्वान्झातले किरुंबा, म्बेयातले सोकोईने, अरुशातले शेख अमरी अबेद ही एकपक्षीय काळात उभी राहिलेली क्रीडांगणे आजही सीसीएमच्या मालकीची आहेत. ज्या काळात पक्ष आणि देश एकच मानले गेले त्या काळात देशाने जे उभारले ते १९९२ नंतर पक्षाकडेच राहिले. विरोधी पक्षाने सभेसाठी मैदान मागायचे ते प्रतिस्पर्ध्याकडे!

आणि घटनेचे कलम ४१(७). निवडणूक आयोगाने राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल जाहीर केला की त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात जाता येत नाही. आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने २०२० मध्ये हे कलम मानवी हक्कांशी विसंगत ठरवले. त्या न्यायालयाचे मुख्यालय टांझानियातच, अरुशा शहरात आहे. कलम अजून घटनेत आहे. २०२५ चे ९८ टक्के खरे की खोटे हे तपासायला न्यायाधीशासमोर कागद नेण्याचा रस्ताच कायद्याने बंद असेल तर माणूस कुठे जाईल? रस्त्यावरच जाईल. त्या दिवशी जी मुले रस्त्यावर आली त्यांना बेजबाबदार म्हणणाऱ्यांनी त्यांच्यासाठी दुसरी कोणती जागा उघडी होती ते सांगावे.

ख्रिस्तोफर म्टिकिला या पाद्री राजकारण्याची गोष्ट यासाठी मोलाची आहे. टांझानियात अपक्ष म्हणून निवडणूक लढवता येत नाही, पक्षाचे तिकीट लागतेच. म्टिकिला न्यायालयात गेले आणि १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. सरकारने घटनाच बदलली. ते पुन्हा गेले, २००६ मध्ये पुन्हा जिंकले, २०१० मध्ये अपील न्यायालयात हरले, आणि २०१३ मध्ये आफ्रिकी न्यायालयाने टांझानियाला दोषी ठरवले. एका साध्या हक्कासाठी वीस वर्षे. अपक्षाची एवढी धास्ती कशासाठी? कारण अपक्ष उमेदवार म्हणजे सीसीएममधून बाहेर पडूनही आपल्या मतदारसंघात उभा राहू शकणारा माणूस. पक्षाची शिस्त ज्या भीतीवर टिकते ती भीती मग उरत नाही. एकपक्षीय काळात पक्ष सोडला की राजकारण संपले, हा नियम बहुपक्षीय काळातही शाबूत ठेवायचा होता.

सामियांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी २०१६ मध्ये विरोधकांच्या जाहीर सभांवर बंदी घातली. त्यासाठी त्यांना नवा कायदा करावा लागला नाही, संसदेत मतदान घ्यावे लागले नाही. जुनी यंत्रणा तयारच होती, मालकाने फक्त हुकूम सोडला. ७ सप्टेंबर २०१७ ला डोडोमात लिस्सूंवर गोळ्यांचा वर्षाव झाला. २०१९ च्या आणि २०२४ च्या स्थानिक निवडणुकांत विरोधकांचे अर्ज हजारोंनी बाद झाले आणि सीसीएमने ९९ टक्के जागा घेतल्या. सामियांनी जानेवारी २०२३ मध्ये सभांवरची बंदी उठवली तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला, मीही त्यांतला. पण जो हक्क एका राष्ट्राध्यक्षाच्या शब्दाने जातो आणि दुसऱ्याच्या शब्दाने येतो तो हक्क नसतो, मेहेरबानी असते. म्हणूनच सामिया गेल्या की सगळे ठीक होईल हा दुसरा सूरही पोकळ आहे. मागुफुली गेल्यावरही लोक हेच म्हणाले होते.

आता विरोधी बाजूचा सर्वांत गंभीर मुद्दा. टांझानिया बाजूला ठेवा, ते म्हणतील, आणि शेजारी पाहा. रवांडात १९९१ मध्ये अनेक पक्ष आले आणि १९९४ मध्ये नरसंहार झाला. बुरुंडीत जून १९९३ मध्ये पहिली खरी बहुपक्षीय निवडणूक झाली, ऑक्टोबरमध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाचा खून झाला आणि यादवी पेटली. केनियात १९९१ च्या अखेरीस दुसऱ्या पक्षांना परवानगी मिळण्याच्या सुमारासच रिफ्ट व्हॅलीत जमातींच्या कत्तली सुरू झाल्या, आणि २००७ च्या निवडणुकीनंतर हजाराहून अधिक माणसे मेली. एवढ्या प्रेतांसमोर तत्त्वाच्या गोष्टी कशा बोलायच्या? हा मुद्दा मांडणारी माणसे निर्दय नाहीत, उलट त्यांना माणसांची काळजी आहे. म्हणूनच त्यांनी एकेका ठिकाणी मारणारा हात कोणाचा होता ते पाहावे. बुरुंडीत मेल्कियोर न्डाडाये यांना मारले ते सैनिकांनी, जुन्या एकपक्षीय राज्याच्या सैन्याने, ज्याला मतपेटीचा निकाल पचला नाही. केनियातल्या त्या पहिल्या कत्तलींची चौकशी तिथल्या संसदीय समितीने केली आणि सत्ताधारी कानू पक्षाच्या बड्या लोकांकडे बोट दाखवले. रवांडात याद्या केल्या, बंदुका आणि कोयते वाटले, नाके उभारले ते राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांच्या जुन्या एकमेव पक्षाच्या यंत्रणेने, त्याच्या युवक संघटनेने, आणि सरकारी उतरंडीतल्या अधिकाऱ्यांनी. ती उतरंड थेट दहा घरांच्या प्रमुखापर्यंत उतरत होती. शेजारच्या घरात कोण राहते हे ज्या व्यवस्थेला माहीत होते तिनेच ते मारेकऱ्याला सांगितले. पक्ष वाढले म्हणून ही माणसे मेली नाहीत. राज्ययंत्रणा एका पक्षाच्या मालकीची राहिली, आणि ती हातची जाते असे दिसताच त्या पक्षाने ती शस्त्रासारखी वापरली.

झांझिबारचाही दाखला असाच उलटा दिला जातो. १९९५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षपदासाठी सीसीएमचे सालमिन अमूर ५०.२ टक्क्यांवर जिंकल्याचे आणि विरोधी पक्षाचे सैफ शरीफ हमद ४९.८ टक्क्यांवर हरल्याचे जाहीर झाले, त्यानंतरची बहुतेक प्रत्येक निवडणूक तणावाची, आणि जानेवारी २००१ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात डझनांनी माणसे मेली. पण १९६४ च्या क्रांतीनंतर १९८० पर्यंत बेटांवर निवडणूकच नसणे, १९७२ मध्ये झांझिबारचे राष्ट्राध्यक्ष आबेद करुमे यांचा खून, हे सगळे एकच पक्ष असतानाचे. उलट २०१० मध्ये सार्वमत घेऊन सत्तेत विरोधकांना वाटा देण्याचे ठरले तेव्हाची निवडणूक शांततेत पार पडली. २०१५ मध्ये मतमोजणी चालू असताना आयोगाच्या अध्यक्षांनी निवडणूकच रद्द करून टाकली आणि ती शांतता मोडली.

एकता टिकवायला विरोधी पक्ष नको, या युक्तिवादाला महाराष्ट्राच्या इतिहासातच एक उत्तर आहे. १९५५-५६ मध्ये भाषिक राज्याची मागणी देश फोडणारी आहे असे दिल्लीत अनेकांना मनापासून वाटत होते. मुंबईत गोळीबार झाले, शंभराहून अधिक माणसे मेली. त्या वेळी देशाच्या एकतेसाठी काँग्रेस हाच एक पक्ष असा कायदा झाला असता तर? संयुक्त महाराष्ट्र समितीला १९५७ च्या निवडणुकीत उतरता आलेच नसते. ती उतरली, पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे बुरूज ढासळले, आणि १ मे १९६० ला राज्य झाले. देश फुटला नाही. काँग्रेस त्यानंतरही महाराष्ट्रात तीन दशकांहून अधिक काळ सत्तेत राहिली, पण ऐकून घेणारी झाली. रुवुमाच्या शेतकऱ्याला, झांझिबारमधल्या पेम्बा बेटावरच्या मतदाराला हीच सोय मिळाली नाही.

पाश्चात्त्यांनी लादले, या आरोपावर फार शाई घालवण्याची गरज नाही. मदत देणाऱ्या देशांनी १९९० नंतर दबाव आणला हे खरे, केनियाच्या बाबतीत तर तो उघड होता. पण ज्या देशांनी वर्षानुवर्षे मोबुटूंना पोसले त्यांचा दबाव आताच का आला हे विचारणे वेगळे, आणि दबाव आला म्हणून त्या देशातल्या माणसाची मागणी परकी ठरवणे वेगळे. लुसाकाच्या रस्त्यावर १९९० मध्ये मक्याच्या पिठाच्या भाववाढीविरुद्ध उतरलेली माणसे कोणत्या दूतावासाने पाठवली होती?

लुसाकाचे नाव आले, तर टांझानियाच्या दोन शेजाऱ्यांकडे पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. झांबियात केनेथ काउंडा यांनी १९७३ पासून एकपक्षीय राजवट चालवली. पण तांब्याच्या खाणींतल्या कामगारांच्या संघटना त्यांना पूर्णपणे गिळता आल्या नाहीत. १९९० मध्ये त्याच कामगार चळवळीचे पुढारी फ्रेडरिक चिलुबा नव्या पक्षाचा चेहरा झाले आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये त्यांनी तीन चतुर्थांश मते मिळवून काउंडांना हरवले. मलावीत हेस्टिंग्ज बांदा तहहयात राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांची राजवट न्येरेरेंच्या राजवटीपेक्षा कितीतरी क्रूर होती. पण चर्चला त्यांनी हात लावला नव्हता. मार्च १९९२ मध्ये कॅथलिक बिशपांनी सगळ्या चर्चमधून राजवटीवर टीका करणारे पत्र वाचून दाखवले. जून १९९३ च्या सार्वमतात ६० टक्क्यांहून अधिक लोकांनी बहुपक्षीय पद्धत मागितली, आणि १९९४ मध्ये बांदा हरले. टांझानियात असे काही बाहेर उरलेच नव्हते. कामगार, सहकार, तरुण, स्त्रिया, सगळ्यांच्या संघटना पक्षाच्या पोटात. न्येरेरेंची राजवट सौम्य होती म्हणूनच ती सर्वत्र पसरू शकली, लोकांनी तिला आत येऊ दिले. क्रूर राजवटीपासून माणसे अंतर ठेवतात, त्या अंतरात पुढचा विरोध वाढतो. चांगल्या राजवटीने ते अंतरच ठेवले नाही, आणि तिच्या पश्चात तिची यंत्रणा ज्या हातात जाईल त्याची झाली. एकपक्षीय राजवट चांगल्या माणसाच्या हाती असली तर काय बिघडते, याचे उत्तर मला इथे मिळते.

झांबियाचा पुढचा प्रवास सरळ नव्हता हे मान्य. चिलुबांनी १९९६ मध्ये घटना बदलून काउंडांना निवडणुकीबाहेर ठेवले, पुढे भ्रष्टाचाराच्या आरोपांत ते स्वतः अडकले. पण २००१ मध्ये त्यांना तिसरी कारकीर्द हवी होती तेव्हा वकील, चर्च आणि स्त्रियांच्या संघटनांनी ती रोखली, आणि सत्ताधारी पक्ष २०११ मध्ये व २०२१ मध्ये पुन्हा हरला. सत्ताधारी तीनदा हरले आणि तीनही वेळा खुर्ची सोडून गेले.

सीसीएमच्या प्रामाणिक कार्यकर्त्याची खरी भीती वेगळी असावी असे मला वाटते. देश फुटेल ही भीती तो बोलून दाखवतो. ज्या पक्षाने स्वातंत्र्य आणले तो हरला तर नाहीसा होईल, ही भीती तो मनात ठेवतो. जोसेफ वारियोबा यांच्या आयोगाने २०१३ मध्ये नव्या घटनेचा चांगला मसुदा तयार केला होता. सीसीएमचे बहुमत असलेल्या घटनासभेने तो मोडून टाकला आणि २०१५ चे सार्वमतही कधी झाले नाही. त्यामागे ही दुसरी भीती होती, असा माझा तर्क आहे. तिला उत्तर मलावीत आहे. तिथे २०१९ च्या निवडणुकीतल्या गडबडीविरुद्ध विरोधक न्यायालयात गेले, न्यायाधीश बुलेटप्रूफ जाकिटे घालून आले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षांची निवड रद्द केली. फेरनिवडणुकीत जिंकले ते लाझारस चकवेरा, आणि त्यांचा पक्ष होता मलावी काँग्रेस पक्ष, म्हणजे बांदांचा तोच जुना एकमेव पक्ष, जो १९९४ मध्ये हरून संपला असे सगळ्यांनी मानले होते. सव्वीस वर्षे विरोधात बसून तो मतपेटीतून परत आला. सप्टेंबर २०२५ मध्ये, टांझानियात गोळ्या चालण्याच्या सहा आठवडे आधी, तो पुन्हा हरला. चकवेरांनी पीटर मुथारिका यांना सत्ता सोपवली, आणि पक्ष आता पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागला आहे.